संत्र्याच्या नऊ काड्या

मित्राबरोबर मजा करायला म्हणून मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तो मॅट्रिकच्या वर्षी, नाताळाच्या सुट्टीत. आठवडाभर आम्ही हिंडलो. अमरावती पाहिली, बोलपट पाहिला, चिखलदऱ्याचे कडे पाहिले. मजा आली का, असं कोणी विचारलं तर मी अजूनही विषय बदलतो. दोष त्या गावांचा नाही. माझा स्वभावच असा, की पानात जिलबी पडली तरी ती घशात अडकली तर काय, हा विचार आधी येतो. आणि त्या खेपेला तर काळजी करण्यासारखं ओझं खरोखरच माझ्या हाती होतं.

आम्ही पातूरकडचे. विहिरीखाली थोडी बागायत, बाकी कपाशी आणि ज्वारी. वांगी, मिरच्या, कोथिंबीर आणि दसरा-दिवाळीला झेंडू, हा आमचा माल. त्या सुमारास बाबांनी संत्र्याचं मनात घेतलं. आमच्या भागात संत्र्याची बाग कोणी लावलेली नव्हती. ते काम मोर्शी-वरुडच्या लोकांचं, असं सगळे म्हणत. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. विहिरीजवळचा सगळ्यात चांगला तुकडा मोडून त्यांनी तिथं दीडशे जंबेरीची रोपं लावली. जंबेरी ही आंबट लिंबाची जात. तिचं फळ कोणी खात नाही, पण मूळ घट्ट असतं. तिच्या बोटभर जाड खोडाची साल चिरून आत चांगल्या संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून बांधून टाकायचं आणि डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा कापायचा. पुढं जे झाड वाढतं ते त्या डोळ्याचं.

म्हणजे सगळं त्या डोळ्यावर. बाबा हे मला जेवताना, मोट धरताना, येता-जाता ऐकवत.

"सरकी खोटी निघाली तं एक साल जाते," ते म्हणत. "डोळा खोटा निघाला तं पाच सालानं समजते. तवा काय करशीन? पाच सालं कोण वापस देईन?"

माझा मित्र माझ्याच बाकावर बसायचा. मी अकोल्याच्या वसतिगृहात राहत होतो, तो गावाबाहेरच्या त्यांच्या मळ्यात आईवडिलांपाशी. मी जितका भित्रा तितका तो बिनधास्त. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहायला जाणारा. त्याच्या मामांची अमरावतीला वडाळीच्या तलावाकडे संत्र्याची बाग होती आणि तिच्यातल्या एका झाडाची फळं पार नागपूरपर्यंत वाखाणली जात. मित्रानं मला सुट्टीत मामांकडे बोलावलं तेव्हा बाबा नाही म्हणतील याची मला खात्री होती. पण मामांचं नाव ऐकताच बाबांचा चेहरा उजळला.

"जा," ते म्हणाले. "पण डोळकाड्या घेऊन ये. तीस पायजेत. डोळे बांधनारा मोर्शीचा मानूस शनिवारी येऊन राहिला. शुक्रवारी सांजेले काड्या माह्या घरी पायजेत. शनिवार चुकला तं साल चुकलं."

डोळकाडी म्हणजे झाडाची पेन्सिलीएवढी कोवळी फांदी. तिची पानं कापून नुसते देठ ठेवायचे. प्रत्येक देठाच्या कुशीत एक डोळा असतो. एका काडीला पाच डोळे धरले तर तीस काड्यांत दीडशे झाडं. हा हिशोब मी गाडीत बसल्यापासून करत होतो. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा मित्र म्हणाला, "तुले आतापासून काहून घाम फुटून राहिला बे? काड्या अजून झाडावरच हायेत."

अमरावतीत आम्ही दोन दिवस उंडारलो. सकाळी अंबादेवीचं दर्शन, मग परकोटाच्या दरवाज्यापाशी गरम गिला वडा, दुपारी गोळीचा सोडा. कापसाच्या बाजारात बैलगाड्यांची एवढी रांग होती की तिच्यातून पलीकडे जायलाच अर्धा तास लागला. मित्रानं एका फोटोवाल्याच्या दुकानात मला ओढून नेलं. मागं रंगवलेला तलाव, पुढं आम्ही दोघं, दुसऱ्याचे कोट घातलेले. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मित्र हसतो आहे आणि मी असा उभा आहे, जणू साक्षीला बोलावलंय.

कारण मामा काड्या देत नव्हते. "देऊ ना, उद्या देऊ," एवढंच म्हणत. मामा उंच, सडसडीत, कमी बोलणारे. बागेत फिरताना त्यांनी मला एकदाही झाडांबद्दल काही सांगितलं नाही. उलट मलाच विचारत राहिले: विहिरीला पाणी किती, जमीन काळी का भुरकी, वडिलांचा स्वभाव कसा. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. बोलपट पाहायला बसलो तेव्हा पडद्यावर कोण कोणाच्या प्रेमात पडलं ते मला अजून ठाऊक नाही. मी बोटांवर वार मोजत होतो.

शेवटी मामींनीच उलगडा केला. मामा काडीचं मोल घेत नसत. पण कोणाच्याही हाती देतही नसत. "त्यायले ते पोरगी देल्यासारखं वाटते," मामी हसून म्हणाल्या. "घर पाहूनच देतात."

मंगळवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत मामांनी मला त्या झाडाखाली बोलावलं. आधी एक फळ सोलून माझ्या हातावर ठेवलं. असं संत्रं मी त्याआधी खाल्लं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तीस काड्या कापल्या, पानं उतरवली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, वरून केळीच्या खोडाचं सोपट बांधलं.

"हे गोनपाट वाळू द्याचं नाही," ते म्हणाले. "ऊन दाखवाचं नाही. आठ दिवस काही होत नाही यायले. अन् इथून सिधा घरी जा, बाबू. तुह्या बापाले सांग, माह्या झाडाची जबान हाये."

बाबांसाठी त्यांनी चिठ्ठीही दिली. 'तीस काड्या पाठवल्या आहेत.' मी वाकून पाया पडलो. त्या क्षणी माझा सरळ घरी जायचाच विचार होता, हे मी देवाशपथ सांगतो.

बाहेर रस्त्यावर येताच मित्र म्हणाला, "परतवाड्याची मोटार अर्ध्या तासानं हाये."

चिखलदऱ्याचा बेत त्यानं मामांपासून लपवला होता आणि माझ्यापासूनही. आजच्या दिवसात वर जायचं, बुधवारी फिरायचं, गुरुवारी खाली उतरून परतवाड्याहून छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून अकोला. शुक्रवारी तू घरी. "रस्त्यातच तं हाये," तो म्हणाला. "मामाच म्हनला ना, आठ दिवस काही होत नाही? आज कोनता दिवस? पयला."

मला नाही म्हणता येत नाही. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांनी जोखमीची वस्तू हातात घेऊ नये, एवढं शहाणपण मला फार उशिरा आलं.

मोटारीत त्यानं गाठोडं इंजिनाच्या बाजूला ठेवलं होतं. मी ते उचलून मांडीवर घेतलं आणि परतवाड्यापर्यंत दर कोसाला गोणपाटाला हात लावून पाहत राहिलो. परतवाड्याला दुसरी मोटार. घाट लागला. झाडी दाटली, हवा गार झाली, मोटारीतले लोक खिडकीतून वाकून खालची दरी पाहून 'आहा' म्हणू लागले. मी डोळे मिटून बसलो होतो. वळणावर मोटार कलली की मी गाठोडं छातीशी धरायचो. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं काळजीनं विचारलं, "लेकराची माय कुठी हाये?" मित्र हसून हसून बाकावरून खाली पडायचा राहिला.

वर आमची सोय एका बंगल्याच्या राखणदाराकडे होती. तो मित्राच्या ओळखीचा. थंडी अशी, की बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. आता मला नवीन घोर लागला: ऊन नाही दाखवायचं हे मामांनी सांगितलं, थंडीचं काय? थंडीनं आमच्याकडे वांगी करपतात. मी माझी घोंगडी गाठोड्याला गुंडाळली आणि स्वतः मित्राच्या घोंगडीत अर्धामुर्धा शिरलो. दोघंही कुडकुडत राहिलो. तो मला शिव्या देत होता, पण घोंगडी त्यानं ओढून घेतली नाही.

बुधवारचा दिवस सुंदर होता, असं मी आता म्हणू शकतो. आम्ही भीमकुंड पाहिलं. कड्याच्या टोकावर उभं राहून मित्र ओरडला आणि पलीकडच्या डोंगरांनी त्याची हाक परत परत फेकली. दुपारी गाविलगडावर गेलो. पडके बुरूज, मोठाले दरवाजे, तळ्यात उतरलेलं आभाळ. मित्र तोफेवर घोड्यासारखा बसला. मी गाठोडं दरवाज्याच्या सावलीत ठेवलं होतं आणि तिथं माकडं होती. मी किल्ला पाहिला तो असा, एक डोळा तटावर आणि एक डोळा माकडांवर.

"तू इतं आलाच नाहीस," मित्र परतताना म्हणाला. तो पहिल्यांदाच थोडा रागावला होता. "मी एकलाच आलो." मला वाईट वाटलं. त्यानं हौसेनं मला आणलं होतं. पुढच्या वर्षी तो कुठं आणि मी कुठं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी ठरवलं, उद्या सकाळी तरी याच्याबरोबर मोकळ्या मनानं उगवता सूर्य पाहायचा.

गुरुवारी सकाळी गोणपाट ओलं करायला मी गाठोडं सोडलं. काड्यांचे देठ गळून पडले होते. सगळ्यांचे नाही. एक काडी उचलली की तिचे देठ हात लागताच टपटप खाली. दुसरी उचलली, ती ठीक. तिसरी पुन्हा तशीच. मी एकेक काडी बाजूला काढली. एकंदर नऊ. मित्रानंही हात लावून पाहिला आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

आम्ही दोघंही मळ्यात वाढलेले. मिरचीचं रोप उपटून दोन दिवस ठेवलं आणि पानं गळायला लागली की ते मेलं, हे आम्हाला कळत्या वयापासून ठाऊक. वेलाचं पान गळलं, वेल मेला. फुलाचा देठ गळला, फूल गेलं. तेव्हा देठ गळला म्हणजे डोळा मेला, यात आम्हाला तीळमात्र शंका वाटली नाही. थंडीनं मेला, चिखलदऱ्यानं मारला, मी मारला.

"एकवीसच घेऊन जातो," मी म्हणालो.

"चिठ्ठीत मामानं तीस लिवल्या. तुहा बाप मोजून घेईन. नऊ कुठी गेल्या म्हनशीन?"

त्या नऊ काड्या आम्ही दरीत फेकल्या. त्या कशा पडल्या ते मी पाहिलं नाही. सूर्य उगवला होता, तोही पाहिला नाही.

परतवाड्याला उतरलो तेव्हा छोट्या गाडीला अवकाश होता. गावाच्या शिवेवर रस्त्याला लागून एक संत्र्याची बाग दिसली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्याला एका जागी खिंडार. कुंपणाशीच एक झाड फळांनी वाकलेलं. मित्रानं दोनदा हाक दिली, "कोनी हाये का?" कोणी ओ दिली नाही.

"काडी तं कोनीबी देते," तो म्हणाला.

ते खरं होतं. आमच्याकडे रोप, बी, काडी कोणी मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. न विचारता तोडली तरी फार तर चार शब्द ऐकावे लागतील. पण फळ? फळाला हात लावायचा नाही. पिकलेलं फळ तोडलं की ती चोरी, हे आमच्या हाडात मुरलेलं. लहानपणी शेजारच्या मळ्यातली एक काकडी खाल्ली म्हणून बाबांनी मला त्या मळेवाल्यापुढं कान धरून उभं केलं होतं. मित्राच्या घरीही तसंच. त्या झाडाचं फळ माझ्या कपाळाला घासत होतं, एवढं खाली लोंबलेलं. मी ते हलकेच बाजूला सारलं आणि त्याच्यामागची काडी कापली. नऊ काड्या कापून, पानं उतरवून, गोणपाटात घालून आम्ही निघालो तेव्हा मला उलट बरं वाटत होतं. फळ घेतलं नाही, चोरी केली नाही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मी घरी होतो. बाबांनी काड्या मोजल्या, चिठ्ठी वाचून घेतली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझे बाबा पाठीवर हात ठेवणाऱ्यांतले नव्हते.

शनिवारी मोर्शीचा माणूस आला. बुटका, पान खाणारा, बोटं विलक्षण चपळ. त्यानं गाठोडं सोडलं, काड्या निरखल्या आणि सहज बोलल्यासारखं बोलला, "काड्या बऱ्या हायेत. थोड्या कवळ्या हायेत, पन चालते. काडी पक्की झाली की तिचा देठ आपोआप गळते. तसा डोळा बांधला की तो मरत नाही. तशा काड्या असत्या तं मंग पाहाचंच काम नव्हतं."

मी पाण्याची बादली धरून उभा होतो. ती खाली ठेवली. ज्या नऊ काड्या सगळ्यांत चांगल्या होत्या त्याच मी दरीत फेकल्या होत्या.

त्यानं आणखी एक काडी उचलली आणि डोळ्याजवळ नेली. "या काही काड्यायले काटा जास्त दिसते."

बाबा म्हणाले, "त्या झाडाचा काटाच तसा असंल. अमरावतीच्या मानसाची जबान हाये."

तेव्हा बोलायचं होतं. एक शब्द पुरे होता. त्या नऊ काड्या बाजूला काढल्या असत्या, पंचेचाळीस खुंट रिकामे राहिले असते आणि पुढच्या नाताळात भरले असते. पण मग चिखलदरा सांगावा लागला असता. पाठीवर ठेवलेला तो हात आदल्याच दिवसाचा होता. मी बादली उचलली आणि पाणी आणायला गेलो.

तीन आठवड्यांनी खोडांना बांधलेल्या पट्ट्या सोडल्या तेव्हा जवळजवळ सगळे डोळे जगले होते. त्या नऊ काड्यांची एक्केचाळीस झाडं जगली. मला कशी ठाऊक? काट्यांवरून. दर सुट्टीत मी घरी आलो की बागेत जायचो आणि काटे मोजायचो. आई कौतुकानं सांगायची, पोराचा बागेत जीव आहे. माझा जीव टांगणीला लागला होता, ते तिला कुठून कळणार? मॅट्रिक झालो, पुढं शिकलो, अकोल्याच्या एका शाळेत मास्तर झालो, लग्न झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी अनुभवलं. कोणी 'संत्रं' म्हटलं तरी दचकायचो. मित्राला लिहिलं की त्याचं उत्तर यायचं, 'कदाचित चांगलं झाड असेल. फळ येईपर्यंत मर मर मरू नकोस.' आणि खरंच, तसंही होऊ शकत होतं. याच एका आशेवर मी पाच वर्षं काढली.

फळ आलं. शंभरावर झाडं मामांच्या झाडासारखी, तोंडात टाकताच विरघळणारी. एक्केचाळीस झाडांना जाड सालीची, बियांनी भरलेली, दात आंबणारी फळं. बाबांनी मला बोलावून घेतलं. ते ओट्यावर बसले होते आणि समोर त्या आंबट फळांची टोपली होती.

"तुह्या दोस्ताच्या मामानं मले फसोलं," ते म्हणाले. "चांगल्या काड्यायत खोट्या मिसळून देल्या. मी बजारात सांगतलं साऱ्यायले, जबान देनारा मानूसच चोर निघाला. हे टोपलं ने अन् त्याच्यापुढं ठेव. त्याले म्हन, चाखून पाय."

मी तेव्हाही बोललो नाही. टोपली उचलली. वयानं बाप्या माणूस झालो होतो, दोन वर्गांना इंग्रजी शिकवत होतो, आणि बापापुढं जीभ उचलत नव्हती.

अमरावतीला आधी मित्राकडे गेलो. तो तिथंच कचेरीत नोकरीला लागला होता. टोपली पाहताच त्यानं सगळं ओळखलं. "ठेसनावर फेकून द्याची ना," तो म्हणाला. पण चप्पल घालून माझ्याबरोबर निघाला.

मामा खूप वाकले होते. मी टोपली ठेवली आणि बाबांचा निरोप कसाबसा सांगितला. बाजारात बोभाटा झाल्याचंही सांगितलं, पण तो शब्द गाळला. त्यांनी एक फळ फोडलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं, थुंकलं नाही. मग काठी टेकत बागेत गेले. आम्ही मागोमाग. त्या झाडाचं एक फळ तोडून त्यांनी खाल्लं. ते गोड होतं, नेहमीसारखं.

"एकादी फांदी उलटली असंल," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "झाडं अशी उलटतात कवा कवा. कोनती ते आता कसं समजन? त्या साली अजून चार घरी देल्या होत्या काड्या." त्यांनी गड्याला हाक मारली. "कुऱ्हाड आन. हे झाड आता ठेवाचं नाही."

गड्यानं कुऱ्हाड आणली. मामांनी बुंध्यावर एक जागा दाखवली. गड्यानं कुऱ्हाड उगारली.

"मामा, थांबा," मित्र म्हणाला. "झाड चांगलं हाये. मीच खोटी काडी देली याले. मीच नेलं याले चिखलदऱ्याले. मीच म्हनलं, बदलून टाक."

तो पुढंही सगळं आपल्याच अंगावर घेणार होता. तेव्हा कुठं माझी वाचा फुटली. "काड्या मी कापल्या, मामा. ठाऊक असून बांधू दिल्या. पाच वर्षं गप्प बसलो," असं मी म्हणालो, आणि मग सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मोटार, घोंगडी, गळलेले देठ, दरी, परतवाड्याचं ते कुंपण.

मामा ऐकत होते. "फळं होती त्या झाडाले?"

"होती. खूप होती."

"मंग चाखून काहून नाही पायलं?"

"न विचारता फळ तोडलं तं चोरी झाली असती," मी म्हणालो.

 मामांना हसू आलं. खोकला येईपर्यंत हसले, खाली बसले, डोळे पुसले. गडीही हसायला लागला. आणि मग हसता हसताच ते थांबले.

"तुह्या बापानं मले बजारात काय म्हनलं?"

मी सांगितलं.

"ती आंबट झाडं खुंटापासून काप," ते उठत म्हणाले. "खालून जंबेरीचे धुमारे फुटले की कळव. काड्या देईन, पन तुह्या हाती नाही. तुह्या बापाले येऊ दे. अन् पयले जाऊन त्याले हे सांग. आज सांग."

मी रात्र अकोल्याला काढली नाही. सरळ गावी गेलो. बाबा ओट्यावरच होते. त्यांना सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच वर्षं जे सांगता आलं नाही, ते एवढंसं होतं. बाबांनी बागेचं काहीच विचारलं नाही. झाडांचं नाही, गेलेल्या सालांचं नाही. मान खाली घालून एवढंच बोलले, "मी त्या मानसाले चोर म्हनलं."

बाजाराच्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं. धुवट धोतर नेसले, फेटा बांधला. पातूरच्या बाजारात बागवानांची, माळ्यांची बसायची एक जागा होती. तिथंच त्यांनी मामांना चोर म्हटलं होतं. तिथं मधोमध जाऊन ते उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा होता, पण त्या दिवशी त्यांनी तो आणखी मोठा केला.

"ऐका रे. अमरावतीच्या त्या मानसाले मी इतं चोर म्हनलं होतं. तो चोर नाही. त्यानं मले सोन्यासारख्या काड्या देल्या. चोर माह्या घरचा हाये. हा पाहा, हा उभा हाये. मास्तर हाये."

सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. सुट्टीला गावी आलेले माझे दोन विद्यार्थीही त्यात होते. एक म्हातारी बाई, वांग्यांच्या ढिगामागून, म्हणाली, "अगं माय."  बाबांनी फेटा सारखा केला आणि घराकडे चालू लागले. मी त्यांच्या मागं.

घरी न जाता ते थेट बागेत गेले. एक करवत त्यांनी घेतली, एक माझ्यापुढं टाकली. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही अकरा झाडं कापली. काट्यांनी माझे हात रक्ताळले.  आईनं विहिरीपाशी भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. मी बसलो आणि खात सुटलो. चौथी भाकरी संपली तेव्हा आई माझ्याकडे टक लावून बघत होती. त्या नाताळानंतर मी असा पोटभर जेवलोच नव्हतो.